ठिपक्यांची वही

मावळात लोणावळा आहे. तिथल्या ‘साधना इन्स्टिट्यूट’चे संस्थापक फादर अँथनी डिमेलो (1931–1987) हे मुंबईत जन्मलेले येशूसंघीय. त्यांच्या ‘वेलस्प्रिंग्ज’ या 1984च्या पुस्तकात एक लेखी साधना आहे. आज आपला शेवटचा दिवस असे समजायचे आणि मित्रांसाठी मृत्युपत्र लिहायचे. त्यात इस्टेटीचा विषय नाही. काय आवडले, कशाने घडलो, कशाचा पश्चात्ताप होतो, एवढेच मथळे. डिमेलोंच्या काही मतांवर 1998 साली व्हॅटिकनने सावधगिरीची सूचना काढली, पण ही साधना मला अस्सल घराण्यातली वाटते. मरणाच्या घडीवर उभे राहून आजचा निर्णय तपासा, असे त्यांच्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनीच सांगून ठेवले आहे.

अशा लेखनाला सर्वांत सोयीचा काळ म्हणजे उपवासकाळ. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरला संपतो. मधले सहा रविवार वगळले की चाळीस दिवस भरतात. 2026 साली हा बुधवार 18 फेब्रुवारीचा आणि ईस्टर 5 एप्रिलचा. येशूने अरण्यात उपाशी काढलेल्या चाळीस दिवसांची ही आठवण. मांसाहार सोडणे, शुक्रवारी क्रूसाची वाट करणे हे बिगरख्रिस्ती शेजाऱ्यांनाही ठाऊक असते. या काळात लिहायची वही मात्र कोणाच्या नजरेत येत नाही.

इग्नेशियस यांचे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक 1548 साली रोममध्ये छापले गेले. त्यातली वही अगदी रूक्ष आहे. सकाळी उठताच आपला एकच दोष मनाशी धरायचा, समजा राग. दुपारच्या जेवणानंतर सकाळपासूनचा तासातासाचा हिशेब घ्यायचा, रात्री जेवल्यावर उरलेल्या दिवसाचा. प्रत्येक दिवसाला दोन रेघा. जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके त्या त्या रेघेवर. मग पहिली रेघ दुसरीशी, काल आजशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. आठवड्याच्या रेघा क्रमाने आखूड होत जातात, कारण दोषही आटत जावा ही अपेक्षा! शब्द एकही नाही.

त्यांची स्वतःची रोजनिशीही उरली आहे. फेब्रुवारी 1544 ते फेब्रुवारी 1545 या काळातली. म्हणजे 1544चा सगळा उपवासकाळ तीत आला. संघाच्या मंदिरांनी कायमचे उत्पन्न घ्यावे की नाही, हा प्रश्न त्यांना छळत होता. सुरुवातीच्या नोंदी सविस्तर आहेत. पुढे त्या आटत आटत जवळपास खुणांवर येतात: मिस्सेआधी अश्रू आले का, मिस्सेत आले का, नंतर आले का.

याच्या उलट सल्ला बाराशे वर्षे आधीचा आहे. अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी चौथ्या शतकात इजिप्तच्या संत अँथनींचे चरित्र लिहिले. त्यात अँथनी शिष्यांना सांगतात की मनातल्या हालचाली दुसऱ्याला दाखवायच्या आहेत अशा समजुतीने लिहून काढा. लाज वाटेल आणि पाप टळेल. एकांतवाशाजवळ बघणारा कोणी नसतो, म्हणून कागदालाच शेजारी करायचे.

मराठी ख्रिस्ती लेखन अँथनींच्याही पुढे गेले, ते सरळ सभेत येऊन बसले. फादर थॉमस स्टीफन्स हेही येशूसंघीय, इग्नेशियस यांच्याच साधनेत घडलेले. 1579 साली ते गोव्यात आले आणि 1616 साली त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ छापले: दहा हजारांहून अधिक ओव्या, मोठ्याने वाचायच्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाची वाट धरली, आणि 1919 साली त्यांच्या मृत्यूनंतर अपुरे ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. रोज थोडे तरी लिहावे हा समर्थ रामदासांचा सल्ला आपल्याकडे जुनाच, पण लिहून ते लपवावे असे कोणी सांगितले नव्हते.

हल्ली उपवासकाळासाठी रोज एक प्रश्न देणाऱ्या छापील वह्या मिळतात. मला त्यांची थोडी धास्ती वाटते. कोरे पान समोर आले की माणूस आपल्या दुःखाचे सुबक वर्णन करत सुटतो, आणि रागावलो किती वेळा हे सांगायचे राहून जाते. ठिपका नटत नाही. कॅथलिक माणसाला तो पापनिवेदनातही उपयोगी पडतो, कारण कॅनन कायद्याचे 988वे कलम गंभीर पापे प्रकार आणि संख्येसह सांगायला लावते. शिवाय घरात कोणी वही उघडली तर हाती रेघा लागतील, मजकूर नाही. दोन खोल्यांत सहा माणसे राहत असतील तिथे ही सोय लहान नव्हे.