सिरॉसिस यकृताचा, बधिरपणा पायांना

लिव्हर सिरॉसिसमध्ये पोट फुगतं, डोळे पिवळे पडतात, ते घरच्यांना दिसतं. तळपायाच्या मुंग्या मात्र ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून दिल्या जातात. खरं तर तेव्हा मज्जातंतू खराब होत असतात.

कमरेतून पायाच्या अंगठ्याकडे जाणारा मज्जातंतू जवळपास मीटरभर लांब. त्याच्या टोकाला लागणारी रसद वरच्या पेशीकडूनच येते. सिरॉसिसमध्ये यकृतातला ब जीवनसत्त्वांचा साठा आटतो. आतड्याकडून आलेलं बरंचसं रक्त यकृताला वळसा घालून जातं, त्यातली विषारी द्रव्यं गाळली जात नाहीत. दारू सुरू असेल तर ती तंतूंना थेट इजा करते आणि ब-१ अंगी लागू देत नाही. मधुमेह किंवा हिपॅटायटिस सी असेल तर आणखी भर. ठिबकच्या नळीतला दाब घटला की शेवटच्या झाडाचं पाणी आधी तुटतं. तसंच इथे आधी बोटं बधिर होतात, मग तळवा, मग घोटा. हातांची पाळी नंतर येते.

तपासणी सोपी आहे. डॉक्टर १२८ हर्ट्झचा नादकाटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. काटा थरथरत असतानाच पेशंट म्हणतो, “थांबला.” घोट्यावर ठेवला की थरथर पुन्हा कळते. बिघाड कुठवर चढलाय, ते तिथेच समजतं. उठताना चक्कर येत असेल तर तेही सांगा. रक्तदाब सांभाळणारे तंतूही यात बिघडतात. बरळणं, हात फडफडणं हा मात्र मेंदूवरचा परिणाम. तेव्हा तातडीने दवाखाना गाठा.

खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. बधिर तळव्याला तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही, फोड उठलेला कळत नाही. म्हणून घरातही चप्पल हवी आणि रोज संध्याकाळी उजेडात तळवे कुणीतरी बघावेत.

दारू कायमची सुटायलाच हवी, पण रोजची सवय असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली. डाळ, कळण्याची भाकरी स्वतःहून बंद करू नका, प्रथिनं लागतात. दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणू नका, मूत्रपिंडाला धोका असतो. तुटलेला तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटरच वाढतो, तेव्हा सुधारणेला महिने लागतात. लवकर सुरुवात केली तरच हाती काही लागतं. जळगाव किंवा धुळ्याच्या सिव्हिलला यकृतासाठी गेलात, तर चप्पल काढून पायही दाखवा.