पिढीजात झुकिनी: पसारा केवढा, घाई किती

बियाण्याच्या पाकिटावर ‘हेअरलूम’ असं छापलेलं दिसलं की बागकाम करणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. एकाच्या मते जुनं वाण म्हणजे रानदांडगं, अंगण व्यापून टाकणारं. दुसऱ्याच्या मते जुनं म्हणजे संथ, वाट पाहून जीव मेटाकुटीला आणणारं. झुकिनीपुरतं बोलायचं तर दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण त्यामागचं कारण मात्र भलतंच दिलं जातं.

हेअरलूम म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बी धरून राखलेलं सरळ वाण. परक्या परागाचा संसर्ग टाळला तर त्याच्या बियांतून तसंच झाड येतं. संकरित वाणाच्या बियांतून तसंच येईल याचा नेम नाही. हमी एवढीच. झाड केवढं होईल आणि फळ कितव्या आठवड्यात लागेल, हे त्या शब्दात कुठेच लिहिलेलं नसतं. त्याला कायद्याची पक्की व्याख्याही नाही. कोणी पन्नास वर्षांची अट लावतो, कोणी दुसऱ्या महायुद्धाच्या अलीकडची वाणं बाद करतो.

जुनेपणाचंही जरा तपासून घ्यावं. झुकिनी ज्या जातीतली, त्या कुकुर्बिटा पेपोची लागवड मेक्सिकोत सुमारे १०,००० वर्षांपूर्वी सुरू झाली. ओहाका प्रांतातल्या गिला नाकित्झ गुहेत तिच्या बिया सापडल्या आहेत. कोलंबसानंतर ही भाजी युरोपात पोहोचली. पण आपण जिला झुकिनी म्हणतो, ती दोन्ही टोकांना सारख्या जाडीची, दंडगोल फळाची भाजी उत्तर इटलीत, मिलानच्या आसपास, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आली. त्या नावानिशी तिचं छापील वर्णन मिलानमध्ये १९०१ साली प्रसिद्ध झालं. मुंबईचं व्हीटी स्टेशन तोवर बांधून झालं होतं. टोकाशी फुगीर असणारी ‘कोकोझेले’ तिच्याहून बरीच जुनी. म्हणजे ‘प्राचीन झुकिनी’ म्हणून कोणी बी विकत असेल तर खुशाल हसावं.

आता पसारा. झाड झुडूप होणार की वेल, हे वयावर नाही तर पेऱ्यांमधल्या अंतरावर ठरतं. भोपळ्याचा वेल पेऱ्यापेऱ्याने लांब धावतो. झुकिनीच्या बहुतेक वाणांत पेरी आखूड ठेवणारा आनुवंशिक गुण आहे, त्यामुळे पानं एकाच बुंध्याभोवती दाटीने येतात. ‘ब्लॅक ब्युटी’ हे अमेरिकेतलं लोकप्रिय जुनं सरळ वाण असंच आटोपशीर आहे: साधारण ९० ते १२० सेंटीमीटरचा घेर. ‘कोस्ताता रोमानेस्को’चं मात्र वेगळं. रोमकडचं हे वाण अर्धवट वेलासारखं लोळतं, दीड मीटर जागा सहज खातं आणि फळंही आधुनिक संकरितांपेक्षा कमी देतं. तरीही खवय्ये त्याच्यामागे असतात, कारण फळाला उभ्या धारा असतात, चकत्या कापल्या की कडा नक्षीदार येते आणि चव दाट, बदामाच्या जवळ जाणारी. बागेत जागा असेल तर मी तरी हेच लावेन. हेअरलूम झुकिनी राक्षसी होते ही ख्याती मुख्यतः अशा एखाद-दुसऱ्या वाणामुळे पसरली आहे.

कुंडीत लावणाऱ्यांची तक्रार असते की झुडूप म्हणून घेतलेलं झाड महिन्या-दोन महिन्यांनी कलंडून रांगायला लागलं. ते फसवं बी नव्हे. खालची पानं झडत जातात, उघडा बुंधा लांबतो आणि शेवटी मीटरभर सरपटतो. खुंटीला सैल बांधला की भागतं. एकेक पान पत्रावळीएवढं रुंद होत असल्याने वीस लिटरपेक्षा लहान कुंडी झेपत नाही. रोमानेस्कोला त्याच्या दुप्पट द्यावी. पानांवर शिरांच्या बेचक्यात चंदेरी ठिपके दिसले की भुरी समजून फवारा मारणारेही खूप. ते ठिपके जन्मजात असतात. भुरीची पांढरी पूड बोटाने पुसली जाते, हे चंदेरी डाग पुसले जात नाहीत.

आणखी एक घोटाळा म्हणजे मीटरभर लांब ‘इटालियन हेअरलूम झुकिनी’ म्हणून जे दाखवलं जातं ते बहुतेकदा झुकिनी नसतंच. लिगुरियाची लांब मानेची ‘त्रोम्बोंचिनो’ ही आपल्या लाल भोपळ्याची जात, कुकुर्बिटा मोशाटा. मांडवावर कित्येक मीटर चढणारा खरा वेल. आणि सिसिलीची ‘कुकुत्झा’ म्हणजे चक्क आपला दुधी. तिथले लोक तिचे कोवळे शेंडे आणि पानंही खातात. या दोघींचे मांडव पाहून झुकिनीला वेलाची उपमा चिकटली.

वेगाबद्दलची समजूत तर त्याहून ठिसूळ. जमीन २१ अंशांच्या वर असली की आठवड्याभरात बी रुजतं. १५ अंशांखाली कुजण्याचीच भीती. पेरणीपासून पहिलं फळ हाती यायला चांगल्या संकरिताला दीड महिना लागतो, जुन्या सरळ वाणाला पन्नास ते साठ दिवस. फरक आठवड्या-दोन आठवड्यांचा. थंडीत लावलेलं झाड यापेक्षा जास्त रेंगाळतं, मग ते कुठल्याही पाकिटातलं असो. महाराष्ट्रात पावसाचा मारा ओसरल्यावर लावलेली झुकिनी सहसा बरी येते, पण रात्री गारठल्या की तीही थबकते.

झाडापेक्षा फळाची घाई मोठी. फूल उमलतं तेव्हा मादी फुलामागे बोटभर फळ तयारच असतं. पराग पोहोचला की पुढचं काम बहुतांशी पेशी पाण्याने फुगण्याचं, आणि झुकिनीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणून गरम दिवसांत ती रोज दोन-चार सेंटीमीटर लांबते आणि फुलल्यापासून चार ते आठ दिवसांत १५ ते २० सेंटीमीटरची, काढण्याजोगी होते. शनिवारी कोवळी म्हणून ठेवली तर बुधवारी सोटा. अमेरिकेत ८ ऑगस्टला शेजाऱ्याच्या ओसरीवर गुपचूप झुकिनी ठेवून पळण्याचा गमतीचा ‘दिवस’ पाळतात, तो या वेगाचाच परिणाम.

मोठी होऊ दिली की उत्पन्न वाढतं, असा हिशेबही फसवा आहे. कोवळेपणीच काढणं हेच या भाजीचं तंत्र. आत बिया जून होऊ लागल्या की झाड सगळा जोर त्यांच्याकडे वळवतं आणि नवी फुलं धरायची कमी होतात. दर दोन दिवसांनी तोडणारा एका झाडातून पोटभर खातो.

‘फुलं भरपूर, फळ एकही नाही, बी निकस दिसतंय’ हेही नेहमीचं. सुरुवातीची फुलं बहुधा नराचीच असतात. बारीक लांब देठ, मागे फळाची गाठ नाही. मादी फुलं थोड्या दिवसांनी येतात. दोन्ही पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. पराग जड, चिकट. वाऱ्याने जात नाही, मधमाशीच लागते. उंच इमारतीच्या गॅलरीत ती आली नाही तर कोवळं फळ टोकाकडून पिवळं पडून सडतं, आणि लोक कॅल्शियम कमी पडलं म्हणत खडूची पूड घालत बसतात. सकाळी आठच्या आत नर फूल खुडावं, पाकळ्या सोलाव्यात आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आत फिरवावा. एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरतं.

शेजारी काकडी किंवा भोपळा लावला म्हणून या वर्षीच्या झुकिनीची चव किंवा आकार बिघडत नाही. काकडीशी तिचा संकर होतच नाही, लाल भोपळ्याशी सहसा होत नाही. परिणाम दिसतो तो तिच्या बिया पुढच्या वर्षी पेरल्यावर, आणि तोही स्वतःच्या जातीतल्या परागामुळे: हॅलोविनचे भोपळे, उत्तर भारतातला चप्पन कद्दू, शोभेचे कडू भोपळे. यातला शेवटचा धोकादायक. त्यातलं कुकुर्बिटासिन हे कडू द्रव्य शिजवूनही जात नाही. जर्मनीत २०१५ मध्ये बागेतली कडू झुकिनी खाल्ल्याने ७९ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला होता. कडू दुधीचा रस पिऊन झालेल्या विषबाधा आपल्याकडे माहीत आहेतच; द्रव्य त्याच कुटुंबातलं. घरचं बी धरायचं असेल तर मादीचं आणि नराचं उद्या उमलणारं फूल आदल्या संध्याकाळीच दोऱ्याने बांधावं, सकाळी आपल्या हाताने पराग लावून मादी फूल पुन्हा बांधावं, आणि ते फळ कठीण सालीचं होईपर्यंत दीड-दोन महिने झाडावर राहू द्यावं. पुढच्या हंगामात त्या बियांच्या झाडावरची पहिली झुकिनी कच्चीच चाटून पाहावी. कडू लागली तर थुंकावी आणि झाड उपटावं.