सरळ केस आणि उताराची कटिंग

केस कापणे हा काय लेखाचा विषय झाला, असे कोणी विचारील. परंतु मित्रहो, केस महिन्याला जेमतेम एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. तोंडी परीक्षा किंवा मुलाखत आठ दिवसांवर आली असता कटिंग बिघडली, तर ती तशीच घेऊन जावे लागते. म्हणून खुर्चीत बसण्यापूर्वी थोडा विचार केलेला बरा, असे मला वाटते.

‘टेपर’ म्हणजे उतार. माथ्यावर केस लांब ठेवायचे आणि कानाकडे व मानेकडे येताना ते क्रमाक्रमाने आखूड करीत आणायचे. हाच उतार पार कातडीपर्यंत नेला की त्याला ‘फेड’ म्हणतात. नावे नवी असली, तरी कंगव्यावर केस उचलून कात्रीने उतार देणे ही न्हाव्याची जुनीच कला आहे.

कुरळे केस एकमेकांत गुंतून कापण्यातली पायरी झाकून घेतात. सरळ केस मात्र चहाडखोर! ते सपाट पडत असल्याने जरा पायरी राहिली की तिची रेघ उमटते. शिवाय राठ सरळ केस कानावर अर्धवट आखूड राहिले, तर साळूच्या काट्यांसारखे उभे राहतात. म्हणून बाजूला ते एकतर अगदी आखूड हवेत, नाहीतर वजनाने खाली बसतील इतके लांब. मधले माप फसवे.

मशीनच्या बहुतेक कंगव्यांत २ नंबर म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर, ३ म्हणजे १० आणि ४ म्हणजे १३. राठ केसांना कानाजवळ २, त्यावर ३, मग ४ आणि पुढे कात्री, असा सावकाश चढ शोभतो. केस विरळ असतील तर फेड टाळावा, डोके उघडे दिसते. लांबट चेहऱ्याने बाजू फार उतरवू नयेत, चेहरा आणखी लांब भासतो. भोवऱ्याजवळचे केस थोडे लांबच राहू द्यावेत.

आपल्याकडे मराठी असो वा कानडी, गिऱ्हाईक ‘मीडियम’ एवढेच म्हणते आणि डोळे मिटते. त्या एका शब्दाचा अर्थ प्रत्येक दुकानात निराळा! त्यापेक्षा उतार कुठून सुरू करायचा, बाजूला कोणता नंबर आणि माथ्यावर किती बोटे केस ठेवायचे, या तीन गोष्टी सांगाव्यात. पुढचे काम कारागिराचे.