मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या

भिलईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्या काळी कामावर रुजू झालेल्या तरुणांनी आता ऐंशी ओलांडली आहे. सतत भट्टीची धग सोसणाऱ्याचे नेत्रभिंग गढूळ होऊ शकते, हे काच फुंकणाऱ्या कारागिरांवरून वैद्यकाला पूर्वीच कळले होते. तथापि बहुतेकांचा मोतीबिंदू हा वार्धक्याचाच असतो. समजा, अशा दोन निवृत्त कामगारांचा मोतीबिंदू काढला. एकाला तरुणपणापासून दूरचे दिसत नसे, दुसऱ्याला जवळचे. शस्त्रक्रिया तीच, परंतु दोघांच्या डोळ्यांची घडण निराळी.

सामान्य डोळ्याची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. ती एक मिलिमीटरने वाढली की चष्म्याचा नंबर जवळजवळ तीनने उणे होतो. अशा लांबट डोळ्यात दृष्टिपटल ताणले जाऊन पातळ होते व त्यावरील रक्तवाहिन्या अरुंद आणि सरळ दिसतात. दूरदृष्टीचा डोळा आखूड; तेथे त्याच वाहिन्या दाटीवाटीने, नागमोडी गेलेल्या आढळतात.

शस्त्रवैद्याचे हत्यार या वाहिन्यांपर्यंत पोहोचत नाही. तरीही शस्त्रक्रियेमुळे डोळ्यात दाह निर्माण होतो, केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि पीतबिंदूत द्रव झिरपतो. या विकाराचे वर्णन अर्व्हिन यांनी १९५३ मध्ये केले; पुढे गॅस यांनी शिरेत रंगद्रव्य सोडून ती गळती प्रत्यक्ष दाखविली. स्वच्छ झालेली दृष्टी महिना-दीड महिन्याने पुन्हा अंधुक होते, ती बहुधा यामुळेच. मधुमेह्यांनी याबाबत विशेष सावध राहावे. सुदैवाने बहुतेकांची ही सूज ओसरते.

आता रंगद्रव्य न टोचताही केवळ प्रकाशाच्या साहाय्याने या वाहिन्यांचे जाळे टिपता येते. शस्त्रक्रियेनंतर ते अधिक दाट दिसते. मग रक्तप्रवाह खरोखरच वाढला काय? येथे घाईने निष्कर्ष काढू नये. गढूळ भिंग प्रकाश अडवीत होते; ते गेल्यामुळेही चित्र उजळते. शिवाय लांब डोळ्यात तेच चित्र दृष्टिपटलाचा मोठा भाग व्यापते, आखूड डोळ्यात लहान. लांबीचा हिशेब न धरता या दोन डोळ्यांची तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या प्रमाणांचे नकाशे एकाच पट्टीने मोजणे होय.

आखूड डोळ्याला शस्त्रक्रियेचा एक वेगळाच लाभ होतो. जाड भिंगाने पुढे रेटलेली परितारिका मागे सरते, डोळ्यातील द्रवाला वाट मिळते आणि दाब अनेकदा उतरतो. दाब उतरला की दृष्टिपटलाकडे येणाऱ्या रक्ताचा अडसरही कमी होतो.

लांबट डोळ्याचे मात्र तसे नाही. कृत्रिम भिंग बसविल्यावर जाड चष्मा सुटतो, आणि आपला डोळा आता इतरांसारखाच झाला, असे रुग्णास वाटू लागते. नंबर गेला तरी लांबी तेवढीच राहते, दृष्टिपटल तितकेच पातळ राहते. त्यामुळे ते फाटून सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षे उरतो. डोळ्यासमोर अकस्मात विजेसारखी चमक, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा एका बाजूने पडदा ओढल्याचा भास झाल्यास त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा.