हॉपकिन्स की ब्राउन?

मुलीला दोन्हीकडून होकार आला. १ मेपर्यंत कळवायचं होतं. मी पडलो इंजिनिअर. तक्ता मांडला आणि हॉपकिन्सवर बोट ठेवलं.

पुण्याहून आजीचा फोन: "डॉक्टर व्हायचंय ना? मग आधी कॉलेज कशाला?" तिकडे बारावीनंतर थेट एम.बी.बी.एस.; इथे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल. 'प्रीमेड' हा पदवीचा विषयच नव्हे. इतिहास घेऊनही डॉक्टर होता येतं, फक्त केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्स चुकत नाही.

आपल्या मंडळींचा एक गोड गैरसमज: हॉपकिन्सची पदवी म्हणजे हॉपकिन्स मेडिकलमध्ये जागा राखीव. तसं नाही. ब्लूमबर्ग यांच्या २०२४ च्या देणगीतून तिथली मेडिकलची फी बऱ्याच कुटुंबांना माफ झाली, तीही पदवी कुठलीही असली तरी.

खरी गोम ग्रेडची. मेडिकलच्या अर्जात विज्ञान-गणिताची सरासरी वेगळी काढतात. ऑरगॅनिकमधला 'सी' पुसला जात नाही. हॉपकिन्सची पहिल्या सत्राच्या ग्रेड झाकण्याची सवलत २०१७ मध्ये संपली. ब्राउनमध्ये नापासाची नोंद बाहेरच्या गुणपत्रिकेवर येत नाही आणि १९६९ पासून विषयांची सक्तीही नाही.

"बाबा, दुसऱ्या वर्षी मला डॉक्टर व्हावंसं वाटलं नाही तर?"

तक्त्यात तो रकानाच नव्हता. ३० एप्रिलला तिने ब्राउनला होकार कळवला.