धाकातला साहेब

निरोप समारंभ कुठल्याही कचेरीतला असो, भाषणात एक वाक्य हमखास येतं: "साहेबांचा धाकच असा, की त्यांच्या काळात एक चूक झाली नाही!" टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ दिलं जातं. त्या न झालेल्या चुका कोणत्या फायलीत दडल्या आहेत, हे मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांना पक्कं ठाऊक असतं.

गैरसमज : धाक असला की काम चोख होतं.

वस्तुस्थिती : धाकाने सगळ्यात आधी थांबतं ते चुकीची खबर वर जाणं. एमी एडमंडसन या संशोधिकेने अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. तो 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या प्रमुखाच्या विभागात चुका कमी असतील, असा अंदाज होता. आकडे उलटे आले. तिथेच जास्त नोंदी सापडल्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला. त्या विभागांतल्या परिचारिका चूक झाली की मोकळेपणाने सांगत. कडक प्रमुखाच्या हाताखालच्या गप्प बसत. कोरी नोंदवही पाहून खूश होणाऱ्या साहेबांनी हे दोनदा वाचावं.

गप्प बसण्याची किंमत कुठवर जाते? 27 मार्च 1977 रोजी तेनेरीफ बेटाच्या विमानतळावर दोन जम्बो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. दाट धुकं होतं, रेडिओवर गोंधळ होता, हे खरंच. पण उड्डाण घेऊ लागलेल्या केएलएम कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने 'समोरचं विमान अजून धावपट्टीवर नाही ना?' अशी शंका काढली होती. कंपनीत मोठा मान असलेल्या कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली आणि पुढे कुणी ताणून धरलं नाही. कॅप्टनला टोकायचं कसं आणि टोकलेलं कॅप्टनने ऐकायचं कसं, हे अशा अपघातांनंतर वैमानिकांच्या रीतसर प्रशिक्षणाचा भाग झालं.

यावर ठरलेला प्रश्न येतो: "म्हणजे काय, शिस्तच नको?" हवी की! वेळ पाळा, दर्जा मागा, कामचुकाराला जाब विचारा. पण जाब कामचुकारपणाचा विचारायचा असतो, खरं सांगितल्याचा नाही. एवढा साधा फरक किती वेळा समजावायचा? धाकाने माणसं दहाच्या ठोक्याला खुर्चीत दिसतील, हे मान्य. प्रकल्प दोन महिने मागे पडलाय, हे मात्र त्यातलं कुणी साहेबांना सांगणार नाही.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात.

'कामात अव्वल तोच उत्तम साहेब' : अमेरिकी कंपन्यांवरच्या 2019 च्या एका मोठ्या अभ्यासात विक्रीतल्या सर्वोत्तम माणसांना बढती मिळाली, पण त्यांच्या हाताखालच्यांची विक्री घसरली. विकणं आणि विकणाऱ्यांना सांभाळणं ही वेगळी कामं आहेत.

'नेतृत्व रक्तातच असतं' : जुळ्या भावंडांवरच्या संशोधनानुसार कोण नेतृत्वपदावर पोचतो यातला साधारण 30 टक्के फरक अनुवंशाचा. उरलेला परिस्थितीचा आणि अनुभवाचा.

'नेता बोलका हवा' : हाताखालची माणसं स्वतःहून सूचना करणारी असतील, तर अबोल, ऐकून घेणारा प्रमुखच सरस ठरतो, असं अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांच्या 2011 च्या संशोधनात दिसलं.

'अपयशाची जबाबदारी घेतली की वजन कमी होतं' : ऑगस्ट 1979 मध्ये एसएलव्ही-3 रॉकेट समुद्रात कोसळलं, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले. जुलै 1980 मध्ये उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांना पुढे केलं. कलाम ही गोष्ट आयुष्यभर सांगत राहिले. धवन यांचं वजन तसूभरही घटलं नाही.

तुम्ही कुणाचे साहेब असाल, तर एकच तपासा: गेल्या वर्षी तुम्हाला वाईट बातमी सगळ्यात आधी कुणी सांगितली, आणि अप्रेझलमध्ये त्या माणसाचं काय झालं? कुणीच सांगितली नसेल, तर 'आपल्याकडे सगळं सुरळीत आहे' असं निदान भाषणात तरी म्हणू नका.