‘कोलेस्टेरॉल हे थोतांड’ असा मेसेज वाचून गोळी बंद करताय? आधी हे वाचा

कोलेस्टेरॉल ही औषध कंपन्यांची लबाडी आहे, अमेरिकेनेही ते मान्य केलं, आता तूप-अंडी बिनधास्त खा आणि गोळ्या फेकून द्या, अशा अर्थाचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतात. ते वाचणाऱ्यांत ॲटॅक येऊन गेलेली, स्टेंट बसवलेली माणसंही असतात. त्यांनी यावर विश्वास ठेवून गोळी सोडली, तर धोका थेट जिवाला आहे. या मेसेजमध्ये थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं. ते वेगळं करून बघायला हवं.

अमेरिकेत नेमकं काय झालं?

अन्नातून दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल घेऊ नका, असा सल्ला अमेरिकेच्या सरकारी आहार मार्गदर्शिकेत पूर्वी होता. एका अंड्याच्या पिवळ्या बलकात साधारण २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. म्हणजे दोन अंडी खाल्ली की मर्यादा ओलांडली. २०१५ ते २०२० या काळासाठीच्या मार्गदर्शिकेतून हा आकडा काढला गेला. एवढं खरं आहे.

त्यामागचं कारण साधं आहे. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं. अन्नातून जास्त आलं तर शरीर आपलं काम कमी करतं. त्यामुळे बऱ्याच लोकांचा रक्तातला आकडा अंड्याने फारसा हलत नाही.

पण त्याच मार्गदर्शिकेत दुसरी मर्यादा कायम राहिली. तूप, लोणी, साय, मटणाची चरबी, पामतेल यांत संपृक्त चरबी जास्त असते. दिवसभराच्या उष्मांकात तिचा वाटा १० टक्क्यांच्या आत ठेवा, असा तो सल्ला आहे. मेसेजमध्ये ही ओळ गाळलेली असते. ताटातलं कोलेस्टेरॉल वेगळं आणि रक्तातलं वेगळं, हा फरकच त्यात पुसला जातो.

रक्तातलं कोलेस्टेरॉल काय करतं?

ठिबकच्या नळीत क्षार साचतात तसं ‘एलडीएल’ नावाचं कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं साचत जातं. वरून काहीच कळत नाही. माणूस शेतात राबतो, पायी वारी करतो, तब्येत ठणठणीत दिसते. एक दिवस साचलेला थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि हृदयाचा रक्तपुरवठा अडतो. तोच हार्ट ॲटॅक.

याला पुरावा आहे. काही मुलांना जन्मतःच एलडीएल खूप जास्त असतं. त्यातल्या काहींना लहानपणीच हार्ट ॲटॅक येतो. या आजाराचं मूळ शोधणारे अमेरिकी शास्त्रज्ञ ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं.

गोळीचाही हिशेब झालेला आहे. उत्तर युरोपातल्या देशांत ४,४४४ हृदयरोग्यांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. पाच वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं. १९९४ मध्ये निकाल आला. औषध नसलेल्या गटात २५६ माणसं दगावली, औषध घेणाऱ्यांत १८२.

मग वाद कशावर आहे?

डॉक्टरांमध्येही मतभेद आहेत, पण ते वेगळ्या प्रश्नावर. ज्याला कधी ॲटॅक आला नाही, शुगर नाही, आकडा थोडासाच जास्त आहे, त्याला गोळी द्यावी का? पंचाहत्तरी ओलांडलेल्या निरोगी माणसाला पहिल्यांदा सुरू करावी का? अशा लोकांना फायदा कमी असतो. म्हणून डॉक्टर वय, बीपी, शुगर, तंबाखू आणि घरातला इतिहास बघून ठरवतात. ॲटॅक येऊन गेलेल्यांनी गोळी घ्यावी, यावर हा वाद नाही.

गोळीचा त्रासही काहींना होतो. अंग दुखतं, काहींची शुगर किंचित वाढते. तेव्हा मनाने गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. अंगदुखीसोबत लघवी गडद रंगाची होत असेल तर लगेच दाखवा.

तेल-तुपाचं काय?

पोळीवर चमचाभर तूप घेतल्याने बहुतेकांचं बिघडत नाही. पण तूप सोडून त्या जागी बिस्किटं, फरसाण आणि साखर वाढवली तर उपयोग शून्य. त्यापेक्षा शेंगदाणा, करडई, सूर्यफूल अशी तेलं बेताने वापरा. तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला भुलू नका. बियांपासून काढलेल्या कुठल्याच तेलात सांगण्यासारखं कोलेस्टेरॉल नसतं.

डालडा-वनस्पतीतली ट्रान्स फॅट सर्वांत वाईट. ती एलडीएल वाढवते आणि चांगलं कोलेस्टेरॉल घटवते. म्हणूनच जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात तिची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली.

एवढं नक्की करा

- ॲटॅक किंवा स्टेंट झाला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. रिपोर्ट नॉर्मल आला तरीही नाही. तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.
- अशा रुग्णांचं एलडीएल ७० च्या खाली हवं. काही डॉक्टर ५५ च्या खाली ठेवायला सांगतात. रिपोर्टमध्ये हाच आकडा बघा.
- खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना जेनेरिक गोळी लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा.
- तिशी ओलांडलेल्यांनी सरकारी दवाखान्यात बीपी-शुगर तपासून घ्या.
- विडी, तंबाखू, मिश्री सोडा.
- छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका. लगेच १०८ ला फोन करा.

आणि तो मेसेज पुन्हा आला तर पुढे ढकलू नका. ग्रुपमधल्या एखाद्याची गोळी त्यामुळे बंद होऊ शकते.